अनसूयाआत्या आणि फोटूतली यंतरं

माझी आठ महिन्यांची मुलगी माडीच्या खिडकीबाहेर एका पिंजऱ्यात टांगलेली मला दिसली, तेव्हा माझ्या हातातल्या पिशवीत अंडी होती. अंड्यांचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

चौक गावच्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा नर्स होते. ड्यूटी संपवून घरी निघाले होते. मुंबई-पुणे रस्ता ओलांडला आणि पाहते तर आमच्या घरासमोर ही गर्दी. एक ट्रकवाला ट्रक कडेला लावून, खाली उतरून, मान वर करून बघत होता. मीही मान वर केली. खिडकीच्या चौकटीबाहेर, खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा एक चौकोनी पिंजरा होता. पिंजऱ्यात गोधडी होती. गोधडीवर माझी तारा बसली होती आणि दोन्ही मुठींत जाळी धरून खालच्या लोकांकडे बघत खिदळत होती.

मी किंचाळले. जिना कसा चढले ते आजही आठवत नाही. वर खिडकीशी आमच्या घरमालकीण अनसूयाआत्या कमरेवर हात ठेवून, देवळावर कळस चढवल्यासारख्या समाधानाने उभ्या होत्या.

"आत्या! हे काय?"

"हवा खातंय पोर. वरडू नको, भियेल ती."

"अहो, पडली असती म्हणजे?"

"पडंल कशी? सकाळपासनं गव्हाचं पोतं टांगून ठेवलं हुतं त्याच्यात. पोतं नाय पडलं, मंग ही कशी पडंल?"

मी ताराला आत ओढून घेतलं, तर ती भोकाड पसरून रडायला लागली. तिला पिंजऱ्यातच राहायचं होतं. आत्यांनी माझ्या नाकासमोर एक कागद धरला. जुन्या इंग्रजी मासिकातलं कापलेलं पान. परदेशातली कुठलीशी उंच इमारत, तिच्या खिडकीबाहेर लोंबणारा तस्साच पिंजरा, पिंजऱ्यात एक गुबगुबीत मूल आणि खिडकीत त्याची आई.

"बघ," आत्या म्हणाल्या, "ही आई हसतेय का नाय? आन तू बघ कशी करतेस."

माझे यजमान मुंबईला नोकरीला होते, ते शनिवारी घरी आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खिडकीतून बाहेर वाकून पिंजरा हलवून पाहिला आणि म्हणाले, "काम मात्र पक्कं केलंय हं." त्यांच्याशी मी सोमवारपर्यंत बोलले नाही.

आता या अनसूयाआत्या म्हणजे कोण, ते सांगायला हवं. चौकच्या बाजारातून लोधिवलीकडे निघालं की रस्त्याला लागूनच त्यांची पिठाची गिरणी होती. खाली गिरणी, मागे आत्यांची खोली आणि वर माडीवर आम्ही भाडेकरू. नवऱ्यामागे गिरणी त्यांनी एकटीने चालवली होती. इंजिन चालू करायला चाकाचा दांडा फिरवावा लागे. तिथे गावातले बाप्ये दोनदा थुंकी लावून हात चोळायचे, आत्या एका झटक्यात फिरवायच्या. उंचापुऱ्या, कासोट्याचं लुगडं, आणि भुवयांवर कायम पीठ. त्या पांढऱ्या भुवयांमुळे त्यांच्या चेहऱ्यावर नेहमी आश्चर्य असल्यासारखं वाटे. खरं म्हणजे आश्चर्य करायची पाळी नेहमी आमच्यावर यायची.

त्याला कारण माथेरान. आम्ही यायच्या कितीतरी वर्षं आधी वर एका बंगल्याची म्हातारी मालकीण वारली, बंगला विकायला निघाला आणि माळ्यावरचे इंग्रजी मासिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत गेले. चौकच्या बाजूला उतरणाऱ्या पायवाटेने ते ठाकर बायकांच्या डोक्यावरून खाली आले. आत्यांनी पुड्या बांधायला म्हणून ते घेतले. पुडी एकही बांधली गेली नाही. त्या मासिकांत जुने, काळे-पांढरे फोटो होते. कुणी कुठे काही विलक्षण यंत्र काढलं की त्याचा फोटो. अंथरुणात पडल्या पडल्या वाजवायची पेटी, पाण्यावरून चालवायची सायकल, रेडिओ बसवलेली टोपी, एकाच वेळी दोघांनी ओढायची चिलीम. ही यंत्रं जगात कुणी वापरली असतील असं मला वाटत नाही. पण आत्यांनी ते फोटो खळ लावून गिरणीच्या भिंतींवर चिकटवले होते. दळणाला आलेला माणूस डबा ठेवून भिंतीपुढे उभा राही आणि नंबर आला तरी त्याला कळत नसे.

फोटोखालचा मजकूर मात्र एकाही फोटोला नव्हता. आत्या तो कात्रीने कापून टाकायच्या. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर नाहीच. सुरुवातीला मला वाटलं, आपण मदत करावी. एकदा त्या पान कापत असताना मी वाकून वाचायला लागले, "आत्या, इथे लिहिलंय की…"

त्यांनी पानावर पंजा ठेवला.

"वाचू नको. छापलेलं वाचलं का मानूस तितंच थांबतो. फोटू बघ. फोटूत हाय म्हंजे हाय."

"पण ते कशासाठी आहे ते तरी कळेल."

"ते मी ठरवते," आत्या म्हणाल्या.

आणि त्या ठरवायच्या. एका फोटोत एक बाई खुर्चीत बसली होती. तिच्या डोक्यावर झुंबरासारखं काहीतरी लोंबत होतं आणि त्याच्या असंख्य तारा तिच्या केसांना चिमट्यांनी लावलेल्या होत्या. केस कुरळे करायचं ते यंत्र असावं, एवढं मला फोटोवरून कळत होतं. आत्यांनी ठरवलं, हे डोकेदुखीचं. "दुकनं वर ओढून घेतंय ते." त्यांच्या धाकट्या जाऊबाई, सखूवहिनी, यांना अर्धशिशी होती. मोडक्या छत्रीचा सांगाडा आत्यांनी आढ्याला उलटा टांगला, प्रत्येक काडीला सुतळी आणि सुतळीला सखूवहिनींच्या केसांची एकेक बट बांधली. इथवर ठीक होतं. पण नुसतं बांधून काय उपयोग, दुखणं ओढायला जोर हवा, म्हणून त्यांनी छत्रीचा दांडा इंजिनाच्या पट्ट्याला जोडला.

मी दवाखान्यातून धावत आले ती सखूवहिनींची आरोळी ऐकून. सखूवहिनी चवड्यांवर उभ्या होत्या, मान एका बाजूला, डोळे पांढरे आणि छत्री हळूहळू फिरत त्यांचे केस गुंडाळून घेत होती. गिरणीत कामाला असलेल्या गंगूबाईने प्रसंगावधान राखून पट्टा उडवला म्हणून बरं. सुतळ्या मी कात्रीने कापल्या. सखूवहिनी मटकन खाली बसल्या.

"डोकं दुकायचं थांबलं का नाय?" आत्यांनी विचारलं.

सखूवहिनींनी जरा विचार केला. "थांबलं," त्या म्हणाल्या. "पन आता केसं दुकत्यात."

"बघ नर्सबाय," आत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गुन आला."

सखूवहिनींचे यजमान पांडूतात्या, म्हणजे आत्यांचे दीर, यांच्यावरही एक प्रयोग झाला. भल्यामोठ्या चाकाच्या आत बसून एक साहेब रस्त्याने चालला आहे, असा एक फोटो होता. आत्यांनी लोहाराकडून लोखंडी पट्ट्या वाकवून घेतल्या, आत पाट बसवला आणि पांडूतात्यांना बसवलं. तात्या गरीब माणूस. भावजयीला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. शेताकडे उतार होता. गंगूबाईने मागून ढकललं आणि चाक निघालं. थोडा वेळ तात्या आत सरळ बसलेले दिसले. मग त्यांचं डोकं खाली, पाय वर, पुन्हा डोकं वर, असं व्हायला लागलं.

"वैनी!" डोकं वर आलं तेव्हा ते ओरडले. "थांबवायचं कसं?"

"आता कसं सांगू?" आत्या पाठोपाठ धावत ओरडल्या. "फोटूत तर ते थांबलेलंच हाय!"

चाक बांध ओलांडून भाताच्या राबात, रोपांच्या वाफ्यात, आडवं झालं. तात्या बाहेर आले ते चिखल माखून आणि पुष्कळ वेळ घराच्या उलट दिशेने चालत राहिले.

तरी या सगळ्यापेक्षा मला घाबरवलं ते गंगूबाईच्या बरगड्यांनी. एका फोटोत दोन मडमा होत्या, तोंडावर काचेसारखे पारदर्शक, टोकदार कोन लावलेल्या. बर्फापासून बचावाला असावेत. आत्या म्हणाल्या, पिठापासून. गंगूबाईला पिठाचा खोकला होता, त्याला हे बरं. आता पारदर्शक कोन आणायचा कुठून? आत्यांनी कुणाकुणाच्या घरात पडून असलेल्या, मुंबईहून काढून आणलेल्या एक्सरेच्या फिल्मा गोळा केल्या. धुऊन, गुंडाळून त्यांचे कोन केले. मी संध्याकाळी दळण आणायला गेले, तर गिरणीच्या अंधुक उजेडात, पांढऱ्या धुरळ्यात, एक बाई उभी. तिच्या तोंडाच्या जागी कुणाच्या तरी बरगड्या. मी दारातच बसले. आतून गंगूबाईचा आवाज आला, "नर्सबाय, मीच हाय गं. मला कायबी दिसत नाय."

एवढं सगळं सोसूनही त्या पिंजऱ्यानंतर मात्र मी ठरवलं, ही जागा सोडायची. ताराला सांभाळायला मी गंगूबाईला पगार देत होते आणि तिला पिंजऱ्यात उचलून ठेवणारीही गंगूबाईच होती. मी आत्यांना स्पष्ट सांगितलं, "माझ्या मुलीवर प्रयोग नकोत. दुसरी खोली मिळाली की आम्ही जाणार."

मला वाटलं, त्या भांडतील. त्यांनी सरळ पिंजरा उतरवला, जाळी गुंडाळून ठेवली आणि इंजिन चालू केलं. चौकमध्ये तेव्हा भाड्याने खोली मिळणं सोपं नव्हतं. मी शोधत राहिले, आणि आम्ही तिथेच राहिलो.

श्रावणात तारा आजारी पडली. आधी साधी सर्दी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाज बसला, खोकला घोगरा झाला, आणि श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. दवाखान्यात हा आवाज मी ऐकला होता. आपल्या मुलीच्या घशातून तो ऐकणं ही वेगळी गोष्ट आहे. गंगूबाईला मी डॉक्टरांकडे पिटाळलं, स्टोव्हवर पाणी ठेवलं आणि ताराला मांडीवर घेऊन चादरीखाली वाफ द्यायला बसले.

आत्या जिन्यावरून वर आल्या. दारात उभ्या राहिल्या. ताराचा तो आवाज त्यांनी ऐकला मात्र, त्यांचा चेहरा पिठाहून पांढरा झाला.

"आत्या, जरा दुसरं पातेलं चढवता का?" मी म्हणाले.

त्या वळल्या आणि खाली निघून गेल्या.

मला धक्काच बसला. प्रत्येकाच्या डोक्याला छत्री बांधणारी ही बाई, आणि खरी गरज पडली तेव्हा पातेलंभर पाण्यालासुद्धा थांबली नाही! डॉक्टर आले, त्यांनी घसा पाहिला, इंजेक्शन दिलं, वाफ चालू ठेवायला सांगितली. खालून एकसारखा ठोकण्याचा आवाज येत होता. वर माझं मूल श्वासासाठी झगडतंय आणि खाली ह्या काहीतरी ठोकतायत. दुपार कलता कलता ताराचा श्वास मोकळा झाला. शिट्टी थांबली. ती झोपली. डॉक्टर म्हणाले, "आता काळजी नाही." त्यांच्या मागोमाग मी जिना उतरले. ताराजवळ गंगूबाई होती. आत्यांना चार शब्द ऐकवायचेच असं मी ठरवलं होतं.

गिरणी बंद होती. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत आत्या जमिनीवर बसून लोहाराचा भाता चालवत होत्या. वर-खाली, वर-खाली. भात्याची नळी एका लोखंडी पिंपाला जोडलेली होती. पिंप आडवं होतं. त्याच्या एका तोंडाला झाकण आणि झाकणाला मधोमध भोक, भोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर. पिंपात कुणीच नव्हतं. आत्यांच्या हाताची कातडी सोलवटली होती, बोटांतून रक्त येत होतं, आणि त्या थांबत नव्हत्या.

"आन तिला," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "झालंय आता. रबर फाटलं हुतं, ते बदललं. आन तिला. मुंडकं भाईर ठेव, बाकी आत. मी भाता वडते. मी थांबायची नाय. सकाळपत्तोर थांबायची नाय."

मी पिंपाजवळ वाकले. ते पिंप आजचं नव्हतं. त्याला जागोजागी गंज चढला होता, डागडुजीवर डागडुजी होती. आणि ते भोक! ते माझ्या ताराच्या मापाचं नव्हतं. जरा मोठ्या मुलाच्या मानेएवढं होतं. तीनेक वर्षांच्या.

"आत्या, तारा बरी आहे," मी म्हणाले. "झोपलीये. श्वास मोकळा झाला."

भाता दोन-तीनदा तसाच हलला. मग थांबला.

पोत्यावर एक फोटो ठेवलेला होता. हा कधी भिंतीवर नव्हता. एक लांबलचक खोली, तीत ओळीने ठेवलेली लोखंडी पिंपं आणि प्रत्येकातून बाहेर आलेलं एकेका मुलाचं डोकं. बाजूला पांढऱ्या कपड्यांतली नर्स. एका पिंपाखाली चामड्याचा भाता अर्धवट दिसत होता.

"हे श्वासाचं हाय," आत्या म्हणाल्या. "हाय का नाय? पोरांची तोंडं बघ. दुकत नाय त्यांना कुटं. आन खाली भाता. भाता कशाला लागतो? वाऱ्याला. दुसरं काय असंल मंग?"

त्यांनी पहिल्यांदाच मला फोटोचा अर्थ विचारला होता. मुंबईत शिकत असताना एका मोठ्या इस्पितळात मी ते यंत्र पाहिलं होतं. ज्या मुलांची छाती लुळी पडते, त्यांना ते श्वास देतं. बघून सहज कळणार नाही अशा यंत्रांपैकी आत्यांनी अचूक ओळखलेलं हे एकच होतं.

"बरोबर आहे, आत्या," मी म्हणाले. "श्वासाचंच आहे."

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं. नामदेव. एकुलता एक. तीन वर्षांचा. घटसर्प झाला. नवरा पनवेलला डॉक्टर आणायला गेला, पायी. तो येईपर्यंत संपलं होतं.

"असाच आवाज येत हुता," त्या म्हणाल्या. "मी नुसती बसलेली गं. पदरानं वारा घालत. हातात कायपन नव्हतं माज्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नर्सबाय, हे तवा हुतं का? तवा जगात हे यंतर हुतं?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण त्या माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या की खोटं लगेच कळलं असतं.

"होतं कुठेतरी," मी म्हणाले. "लांब, परदेशात. पण आत्या, नामदेवला ते लागू पडलं नसतं. ज्याची छाती हलत नाही त्याच्यासाठी आहे हे. नामदेवची छाती हलत होती. त्याचा घसा बंद झाला होता. घशात वाटच नसेल तर बाहेरून कितीही भाता चालवला तरी वारा जाणार कुठून?"

"फिरून सांग."

मी पुन्हा सांगितलं. स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून, छातीवर हात ठेवून सांगितलं.

"म्हंजे हे करून ठेवलेलं असतं, तरी?"

"तरी."

घटसर्पाला इंजेक्शन असतं, तेव्हाही मोठ्या शहरांत असेल, हे मी बोलले नाही. त्यांनी यंत्राबद्दल विचारलं होतं.

आत्यांनी पिंपावर हात ठेवला. एवढी वर्षं हे गंजत होतं आणि त्या ते पुन्हा घासत होत्या, रबर बदलत होत्या. पुन्हा कुणाच्या घशातून तो आवाज आला तर हात रिकामे असू नयेत म्हणून. मला वाटलं, आता त्या रडतील. त्यांनी नुसता एक लांब श्वास घेतला.

"चला, बोटांना औषध लावते," मी म्हणाले. "वर चला."

त्या वर आल्या. मी त्यांची बोटं धुतली, पट्ट्या बांधल्या. तेवढ्यात तारा जागी झाली आणि कुरकुरायला लागली. गंगूबाई पाणी भरायला गेली होती, माझ्या हातात कापूस होता. "जरा घ्या हो तिला," मी म्हणाले.

आत्या जागच्या हलल्या नाहीत. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि त्या सगळ्या वर्षातला सगळ्यात मोठा धक्का मला तो बसला. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा तारा महिन्याची होती. तेव्हापासून आजपर्यंत आत्यांनी तिला एकदाही उचललं नव्हतं. पिंजऱ्यात ठेवायला गंगूबाई, काढायला गंगूबाई. त्यांनी स्वतः तिला बोट लावलेलं मला आठवेना.

मीच ताराला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

पोती उचलणारे ते हात दोन्ही बाजूंना हवेतच राहिले. "कसं धरू गं?" त्या अगदी हळू म्हणाल्या.

"धरा तसंच."

पट्ट्या बांधलेले हात हळूहळू खाली आले आणि ताराच्या पाठीवर टेकले. ताराने एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांच्या दंडाला डोकं लावून पुन्हा डोळे मिटले. तिचा श्वास आता स्वच्छ येत होता. आत्या वाकून तो ऐकत राहिल्या. खाली कुणीतरी दळण घेऊन आलं होतं, आत्यांच्या नावाने हाका मारत होतं. त्यांनी ओ दिली नाही.

त्या दुखण्यात पोर वाळून काडी झाली होती. एका हातावर तोलता आली असती.

"लई जड हाय गं," आत्या म्हणाल्या.